४ ते २० मिलिअँपिअर: प्रेशर ट्रान्समिटर तुम्हाला नेमकं काय सांगतो?

पीएचडीच्या पहिल्या वर्षात बऱ्याच जणांच्या वाट्याला आधीच्या विद्यार्थ्याने मांडून ठेवलेला एखादा सेटअप येतो. पंप, पाइप, दोन-तीन व्हॉल्व्ह, आणि पाइपवर बसवलेला स्टीलचा एक छोटा दंडगोल, ज्यातून दोन वायरी बाहेर येतात. तो प्रेशर ट्रान्समिटर. त्याच्या अंगावर काहीसं असं कोरलेलं असतं: ०–१० बार, ४–२० मिलिअँपिअर, १०–३० व्होल्ट डीसी.

एमएससीपर्यंत आपण सेन्सर म्हटलं की व्होल्टेज मोजतो. त्यामुळे दाबाचं उत्तर करंटमध्ये का यावं, हा पहिला प्रश्न. आणि आलं तर आलं, पण ते शून्यापासून सुरू न होता चारपासून का, हा दुसरा. अभ्यासक्रमात 'ट्रान्सड्यूसर' हा एक शब्द येऊन जातो आणि विषय तिथेच संपतो. पण तुमच्या प्रबंधातल्या आलेखांवरचे कितीतरी बिंदू या दोन वायरींमधून येणार आहेत. ते बिंदू खरे आहेत का, हे तुम्हाला व्हायवामध्ये सांगावं लागेल. म्हणून जरा नीट बघू.

दाबापासून करंटपर्यंत

आत एक पातळ पडदा असतो, डायफ्रॅम. दाब पडला की तो किंचित वाकतो. आजच्या बहुतेक छोट्या ट्रान्समिटरमध्ये हा पडदा सिलिकॉनचा असतो आणि त्यावर चार रोध व्हीटस्टन ब्रिजच्या रचनेत बनवलेले असतात. बारावीला आपण ज्या ब्रिजवर गणितं सोडवली तोच हा. सिलिकॉन आणि जर्मेनियमवर ताण आला की त्यांचा रोध धातूंच्या मानाने फार मोठ्या प्रमाणात बदलतो, हे सी. एस. स्मिथ यांनी १९५४ मध्ये बेल लॅबमध्ये दाखवलं. आजचे पीझोरेझिस्टिव्ह सेन्सर त्यातूनच आले. पाइपमधलं पाणी किंवा तेल थेट सिलिकॉनला लागू नये म्हणून पुढे स्टीलचा आणखी एक पातळ पडदा असतो आणि दोन्हींच्या मध्ये सिलिकॉन तेल भरलेलं असतं.

ब्रिजमधून बाहेर येतात ते मिलिव्होल्ट. पूर्ण दाबाला शंभरेक मिलिव्होल्ट मिळाले तरी पुष्कळ. एवढासा सिग्नल लांब वायरीतून नेणं म्हणजे गर्दीत कुजबुजण्यासारखं. म्हणून ट्रान्समिटरच्या आतच त्याचं वर्धन होतं, तापमानामुळे पडणारा फरक दुरुस्त होतो आणि शेवटच्या टप्प्यात व्होल्टेजचा करंट होतो. या शेवटच्या टप्प्यासाठी तयार चिप मिळतात. उदाहरणार्थ एक्सटीआर११५ ही चिप आत येणाऱ्या करंटला बरोबर शंभरने गुणते: ४० मायक्रोअँपिअर दिले तर ४ मिलिअँपिअर, २०० दिले तर २०.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दोन वायरींचा ट्रान्समिटर करंट *तयार* करत नाही. करंट देतो तो २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय. ट्रान्समिटर फक्त किती करंट जाऊ द्यायचा ते ठरवतो. ठिबक सिंचन पाहिलं असेल तर हे चटकन कळेल. उंचसखल रानात प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रीपर लावतात. लॅटरलमध्ये दाब थोडा कमी-जास्त झाला तरी त्या ड्रीपरमधून तासाला तेवढंच पाणी पडतं, कारण आतली रबरी चकती स्वतःहून वाट लहान-मोठी करते. ट्रान्समिटर हे तसंच काम करंटच्या बाबतीत करतो, फक्त त्याचा 'तासाला किती लिटर' हा आकडा पाइपमधल्या दाबाप्रमाणे बदलत राहतो. आणि ड्रीपरला जसा किमान दाब लागतो, त्याखाली तो नीट चालत नाही, तसंच ट्रान्समिटरला किमान व्होल्टेज लागतं. वरच्या लेबलवरचे '१०–३० व्होल्ट' त्यासाठीच लिहिलेले. हे १० व्होल्ट पुढे परत येणार आहेत.

करंटच का?

नेहमीचं उत्तर असं की वायर लांब असली तर तिच्या रोधामुळे व्होल्टेज कमी होतं, करंट मात्र सीरिज सर्किटमध्ये सगळीकडे सारखाच असतो. हे उत्तर बरोबर आहे, पण माझ्या मते अर्धंच. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. ट्रान्समिटर ५०० मीटरवर असला तर जायची-यायची मिळून एक किलोमीटर वायर, म्हणजे १२ ओहम. आता वाचणाऱ्या उपकरणाचा इनपुट रोध १० किलोओहम असेल, तर व्होल्टेजमधली चूक ०.१२ टक्के होईल. आणि इनपुट रोध मेगाओहममध्ये असेल, जसा आजच्या चांगल्या डेटा लॉगरचा असतो, तर ती चूक विसरून जावी इतकी लहान. तुमच्या लॅबमध्ये तर वायर जेमतेम पाच मीटर असते. मग करंट कशाला?

खरं कारण नॉइजमध्ये आहे. पंपाच्या मोटरची केबल शेजारून गेली की तिच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे आपल्या सिग्नलच्या वायरीत छोटा विद्युतगामक बल निर्माण होतो. समजा तो ४० मिलिव्होल्ट आहे. सिग्नल १ ते ५ व्होल्टचा असेल तर हे ४० मिलिव्होल्ट जसेच्या तसे वाचणाऱ्या उपकरणाच्या टोकांवर दिसतात. चार व्होल्टच्या स्पॅनमध्ये ४० मिलिव्होल्ट म्हणजे १ टक्का, १० बारच्या ट्रान्समिटरवर १०० मिलिबार!

आता तेच ४० मिलिव्होल्ट करंट लूपमध्ये घाला. ते लूपमध्ये सीरिजमध्ये येतात, आणि लूपमध्ये बसलाय ट्रान्समिटर. तो करंट सोर्ससारखा वागतो, म्हणजे बाहेरच्या व्होल्टेजमध्ये बदल झाला तरी करंट बदलू देत नाही. त्याचा आउटपुट रोध १ मेगाओहम धरला तर ४० मिलिव्होल्टमुळे करंटमध्ये पडणारा फरक ०.०४ मायक्रोअँपिअर. १६ मिलिअँपिअरच्या स्पॅनमध्ये हा चार लाखांत एक भाग झाला. ड्रीपरचीच गोष्ट: लॅटरलमधला दाब हलला, थेंब हलले नाहीत.

यात एक मेख आहे. हा मोठा रोध कमी वारंवारतेला, म्हणजे ५० हर्ट्झच्या आसपास, खरा. व्हीएफडीवर चालणाऱ्या मोटरी बरंच वरच्या वारंवारतेचा नॉइज सोडतात, आणि तिथे ट्रान्समिटरच्या आतले कपॅसिटर त्या नॉइजला वाट करून देतात. म्हणून करंट लूप असला तरी पिळलेली जोडवायर आणि शील्ड लागतेच. शील्ड एकाच टोकाला अर्थ करायची. दोन्ही टोकांना केली तर दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे शील्डमधूनच करंट वाहायला लागतो.

चारपासून का?

याचं एक उत्तर इतिहासात आहे. इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात यायच्या आधी सिग्नल हवेने जायचे. बारीक तांब्याच्या नळीतून ३ ते १५ पीएसआय दाबाची हवा. ३ म्हणजे शून्य टक्के, १५ म्हणजे शंभर. कंट्रोल व्हॉल्व्ह हलवायला ही पद्धत अजूनही आहे, करंटचं हवेच्या दाबात रूपांतर करणारा एक कन्व्हर्टर मध्ये बसवतात. मग इलेक्ट्रॉनिक ट्रान्समिटर आले तेव्हा वेगवेगळ्या श्रेणी वापरात होत्या, त्यात १०–५० मिलिअँपिअरही होती. अखेर ४–२० स्थिरावली. अमेरिकेतल्या आयएसए या संस्थेचं यावरचं प्रमाणक १९७५ चं आहे, आणि आयईसी ६०३८१-१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणकही आहे. गंमत बघा: ३ ते १५, १० ते ५०, ४ ते २०, सगळीकडे गुणोत्तर १ ला ५. २५० ओहमच्या रोधातून ४–२० सोडला की मिळतात १ ते ५ व्होल्ट, तेही त्याच गुणोत्तरात.

दुसरं उत्तर साधं: त्या ४ मिलिअँपिअरवर ट्रान्समिटरचा संसार चालतो. दोनच वायरी आहेत, त्यातूनच सिग्नल जातो आणि त्यातूनच वीज येते. दाब शून्य असतानाही आतला ब्रिज, वर्धक, मायक्रोकंट्रोलर सगळं जिवंत राहायला हवं. १० व्होल्ट आणि ४ मिलिअँपिअर म्हणजे ४० मिलिवॅट. एवढ्यात सगळा संसार. सिग्नल शून्यापासून सुरू करायचा असता तर वीज द्यायला तिसरी वायर लागली असती. तीन आणि चार वायरींचे ट्रान्समिटर असतातही. त्यांची जोडणी वेगळी, तेव्हा जोडण्याआधी डेटाशीट बघा.

तिसरं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समजा तुमच्याकडे ०–५ व्होल्टचा सेन्सर आहे आणि वायर कनेक्टरमधून निसटली. वाचणाऱ्या उपकरणाच्या इनपुटला पुल-डाउन रोध असेल तर पडद्यावर दिसेल ० व्होल्ट, म्हणजे ० बार. प्रत्यक्षात व्हेसलमध्ये ६ बार आहेत. ज्युनिअर विद्यार्थी पडदा बघतो, 'दाब उतरला' असं समजतो आणि पाना घेऊन फ्लँज सैल करायला जातो. पुढे काय होऊ शकतं ते लिहायची गरज नाही. ४–२० मध्ये वायर तुटली की करंट शून्य होतो, आणि शून्य मिलिअँपिअर हा कुठल्याच दाबाचा आकडा नाही. खरा शून्य दाब ४ मिलिअँपिअर दाखवतो. याला 'लाइव्ह झिरो' म्हणतात. शून्यालाही आवाज आहे, त्यामुळे शांतता वेगळी ओळखू येते.

नामूर या संस्थेच्या एनई ४३ या शिफारशीने यात आणखी बारकावा आणला. ३.८ ते २०.५ मिलिअँपिअर हा मोजमापाचा सिग्नल, ३.६ किंवा त्याखाली, अथवा २१ किंवा त्यावर करंट असेल तर तो बिघाडाचा इशारा. ट्रान्समिटरला स्वतःच्या आत काही बिघडल्याचं कळलं तर तो मुद्दाम करंट या हद्दीबाहेर नेतो. तुमच्या डेटा घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ही तपासणी दोन ओळींत बसते. पण अनेक लॅबच्या प्रोग्रॅममध्ये मी उलटंच लिहिलेलं पाहिलंय: 'दाब ऋण आला तर शून्य धरा'. या एका ओळीने लाइव्ह झिरोचा सगळा फायदा पुसला जातो. वायर तुटली की सूत्रातून येतो उणे २.५ बार, आणि प्रोग्रॅम तो गुपचूप शून्य करतो. ही ओळ तुमच्या कोडमध्ये असेल तर आजच काढा.

सूत्र सोपं आहे:

दाब = (करंट − ४) ÷ १६ × स्पॅन + खालची मर्यादा

०–१० बारचा ट्रान्समिटर ८.८ मिलिअँपिअर दाखवत असेल तर ४.८ भागिले १६, म्हणजे ०.३, म्हणजे ३ बार. ट्रान्समिटर −१ ते ३ बारचा असेल तर १२ मिलिअँपिअरला २ बार नाही, १ बार. खालची मर्यादा मिळवायला विसरू नका.

१० व्होल्टचा हिशोब

आता ते किमान व्होल्टेज. लूपमध्ये सप्लायचे व्होल्ट वाटले जातात: थोडे वायरीवर, थोडे मोजणीच्या रोधावर, उरलेले ट्रान्समिटरला. करंट जितका जास्त तितके रोधावर जास्त खर्च होतात आणि ट्रान्समिटरला कमी उरतात. म्हणजे अडचण येते ती नेहमी वरच्या दाबाला.

२४ व्होल्टचा सप्लाय, ट्रान्समिटरला किमान १०, उरले १४. इशाऱ्याचा करंट २२ मिलिअँपिअरपर्यंत जाऊ शकतो असं धरलं तर १४ ÷ ०.०२२, म्हणजे जवळपास ६३६ ओहम. लूपमधला एकूण रोध याच्या आत हवा. २५० ओहम आणि वायरीचे १२, निवांत बसतात. उद्योगात सर्रास वापरल्या जाणाऱ्या रोजमाउंट ३०५१ च्या माहितीपत्रकात हेच सूत्र वेगळ्या रूपात असतं: कमाल रोध = ४३.५ × (सप्लाय − १०.५). हे ४३.५ कुठून आले? १ ÷ ०.०२३. म्हणजे त्यांनी २३ मिलिअँपिअर धरलेत आणि किमान व्होल्टेज १०.५. डेटाशीटमधला कुठलाही विचित्र स्थिरांक दिसला की तो असा उलगडून बघायची सवय लावा. मागे बहुतेक वेळा ओहमचा नियमच निघतो.

आता लॅबमधला नेहमीचा जुगाड बघा: २४ व्होल्टचा सप्लाय हाताशी नाही, म्हणून १२ व्होल्टचा अडॅप्टर. लेबलवर १०–३० लिहिलंय, १२ त्यात बसतात, मग काय हरकत? हरकत अशी, की रोधासाठी उरले फक्त २ व्होल्ट. २५० ओहममधून २ व्होल्टमध्ये जास्तीत जास्त ८ मिलिअँपिअर जातात. ८ मिलिअँपिअर म्हणजे २.५ बार. तिथपर्यंत सगळं अगदी बरोबर येईल, कॅलिब्रेशनसुद्धा सरळ रेषेत. त्यापुढे ट्रान्समिटरला पुरेसं व्होल्टेज मिळणार नाही आणि दाब वाढला तरी करंट वाढायचा थांबेल, किंवा ट्रान्समिटर बंद-चालू होत राहील. आलेखात २.५ बारच्या आसपास छान पठार दिसेल. आणि पठार दिसलं की आपण त्याचं भौतिक कारण शोधायला लागतो: कॅव्हिटेशन असेल, प्रवाहाची पद्धत बदलली असेल. कारण मात्र अडॅप्टरमध्ये. तुमच्या आलेखातलं एखादं पठार मोजणीच्या साखळीतून आलंय का, हे तपासायची सोपी रीत आहे. जास्त दाबाला ट्रान्समिटरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. ते लेबलवरच्या किमान आकड्याच्या खाली गेलं असेल तर पठार तुमच्या प्रवाहाचं नाही.

रोध आणि एडीसी

करंटचं व्होल्टेज करायला लागणारा रोध हा तुमच्या साखळीतला सगळ्यात स्वस्त भाग, आणि अनेकदा सगळ्यात दुबळा. बाजारात बरोब्बर २५० ओहम सहज मिळत नाही, २४९ मिळतो. तो लावला आणि कोडमध्ये २५० ठेवला, तर २० मिलिअँपिअरला ५ ऐवजी ४.९८ व्होल्ट येतात, कोड ते १९.९२ मिलिअँपिअर समजतो, आणि पूर्ण दाबाला अर्ध्या टक्क्याची चूक होते. ५ टक्के सहनमर्यादेचा साधा कार्बन रोध लावला तर बोलायलाच नको. ०.१ टक्क्याचा मेटल फिल्म घ्या, चांगल्या मल्टिमीटरने मोजा, आणि तो मोजलेला आकडाच कोडमध्ये लिहा. त्याचा तापमान गुणांकही बघा. अंशाला १०० पीपीएम असेल तर सकाळच्या आणि मे महिन्यातल्या दुपारच्या २० अंशांच्या फरकात ०.२ टक्के सरकतो.

आर्डुइनो वापरत असाल तर २५० ओहमचा मोह टाळा. २० मिलिअँपिअरला ५ व्होल्ट, म्हणजे इशाऱ्याचा २१ किंवा २२ मिलिअँपिअर एडीसीला दिसणारच नाही, वर ५ व्होल्टच्या पुढे गेल्याने पिनला त्रास. २२० ओहम घेतला तर २२ मिलिअँपिअरला ४.८४ व्होल्ट, सगळं आत. पण १० बिटच्या एडीसीत ५ व्होल्टचे १०२४ भाग, त्यातले जेमतेम ७२० तुमच्या स्पॅनच्या वाट्याला. एक पायरी जवळपास १४ मिलिबारची. शिवाय हे ५ व्होल्ट लॅपटॉपच्या यूएसबीतून येत असतील तर ते ५ च आहेत याची हमी कोण देणार? संदर्भ व्होल्टेज सरकलं की सगळे आकडे सरकतात, आणि हे लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर होतं, नंतर कितीही डोकं खाजवलं तरी सापडत नाही.

एडीएस१११५ सारखा १६ बिटचा वेगळा एडीसी आणि १५० ओहमचा रोध ही जोडी मला आवडते. ०.६ ते ३ व्होल्टचा सिग्नल, ±४.०९६ व्होल्टच्या श्रेणीत १२५ मायक्रोव्होल्टची पायरी, म्हणजे १० बारवर साधारण अर्ध्या मिलिबारची. सरासरी घ्यायची तर ती २० मिलिसेकंदांच्या पटीत घ्या, म्हणजे ५० हर्ट्झचा उरलासुरला नॉइज आपोआप कटतो.

पण थांबा. पायरी अर्ध्या मिलिबारची झाली म्हणून मोजमाप अर्ध्या मिलिबारपर्यंत अचूक झालं का?

करंट जे सांगत नाही

ट्रान्समिटरच्या डेटाशीटवर '०.२५ टक्के' लिहिलेलं असतं, ते सहसा पूर्ण स्पॅनचे. १० बारवर २५ मिलिबार, मग तुम्ही ९ बार मोजा किंवा ०.३. आता विचार करा: तुम्हाला एका पाइपच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक हवाय, तो आहे सुमारे ३०० मिलिबार. दोन्ही टोकांना ०–१० बारचे दोन ट्रान्समिटर आहेत. प्रत्येकाची अनिश्चितता २५, वजाबाकीची वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने ३५ मिलिबार. ३०० वर ३५, म्हणजे १२ टक्के. घर्षण गुणांक या फरकाच्या प्रमाणात असतो, तेव्हा १२ टक्के तिथेही गेले. आणि प्रबंधात मात्र '३०४.७ मिलिबार' छापलेलं. हा दशांश कुठून आला, असं परीक्षकाने विचारलं तर 'एडीसीतून' हे उत्तर चालणार नाही. इथे ०–५०० मिलिबारचा एकच डिफरन्शियल ट्रान्समिटर हवा होता. तेवढ्याच ०.२५ टक्क्यांत त्याची अनिश्चितता सव्वा मिलिबार. सेटअप मांडायच्या आधी हे गणित दहा मिनिटांचं असतं. तीन वर्षांचा डेटा घेतल्यावर केलं तर त्याची किंमत वेगळी.

वेगाचंही तसंच. कारखान्यासाठी बनवलेल्या ट्रान्समिटरमध्ये आकडा नाचू नये म्हणून डॅम्पिंग ठेवलेलं असतं, ०.४ सेकंदाचा कालस्थिरांक अगदी सामान्य. तुम्ही सहा मीटरच्या स्टील पाइपमध्ये वॉटर हॅमर मोजताय असं समजा. दाबाची लाट सेकंदाला १२०० मीटरच्या आसपास धावते, जाऊन-येऊन १२ मीटर, म्हणजे १० मिलिसेकंद. ०.४ सेकंदाच्या डॅम्पिंगमधून १० मिलिसेकंदांच्या धक्क्याचा जेमतेम अडीच टक्के भाग बाहेर येतो. ८ बारचा धक्का ०.२ बार दिसतो. लॉगर सेकंदाला हजार नोंदी घेत असला तरी तो त्याच संथ सिग्नलच्या हजार नोंदी घेतोय.

मग गेज आणि अ‍ॅब्सोल्यूट. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास, तिथे हवेचा दाब साधारण ०.९५ बार. ०–१.६ बारचा अ‍ॅब्सोल्यूट ट्रान्समिटर पुण्यात टेबलावर उघडा ठेवला तर तो १३.५ मिलिअँपिअर दाखवेल, मुंबईत १४.१ च्या आसपास. तो बिघडलेला नाही. तोच आकडा गेज ट्रान्समिटरने दाखवला असता तर मात्र काळजी करावी. गेजच्या मागे हवेसाठी बारीक छिद्र किंवा केबलमध्ये नळी असते. पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरलं किंवा कोणी टेपने ती बंद केली, तर शून्य हळूहळू सरकतो.

यातली कुठलीच चूक करंट लूपला कळत नाही. लूपचं काम निरोप्याचं. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटी इथल्या रिफायनरीत स्फोट होऊन १५ जण मेले. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या चौकशीत बरीच कारणं पुढे आली. त्यातलं एक असं, की मनोऱ्यात द्रव भरत भरत वर चालला असताना नियंत्रण कक्षात पातळी मात्र हळूहळू उतरताना दिसत होती. तो ट्रान्समिटर दाबाचा नव्हता, पातळीचा होता, आणि वेगळ्या विशिष्ट घनतेच्या हिशोबाने कॅलिब्रेट केलेला होता. पातळी मोजायला डिफरन्शियल प्रेशर ट्रान्समिटर वापरणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. दाब म्हणजे घनता गुणिले गुरुत्व गुणिले उंची. करंटमधून उंची काढताना घनता तुम्ही घातलेली असते, ट्रान्समिटरने मोजलेली नसते. द्रव तापला किंवा बदलला तरी सिग्नल ४ ते २० च्या आतच राहील, कुठलाही इशारा येणार नाही.

जाता जाता हार्टबद्दल. लेबलवर हा शब्द दिसला तर तो ट्रान्समिटर याच दोन वायरींवरून डिजिटल गप्पाही मारतो. मूळ करंटवर ±०.५ मिलिअँपिअरची लहर चढवतात, १२०० हर्ट्झ म्हणजे १ आणि २२०० हर्ट्झ म्हणजे ०. लहरीची सरासरी शून्य, त्यामुळे मूळ सिग्नल हलत नाही. डॅम्पिंग किती, श्रेणी किती, हे त्यातून वाचता-बदलता येतं. फक्त लूपमध्ये २५० ओहमच्या आसपास रोध लागतो, आणि हार्ट चालू असताना तुमचा वेगवान लॉगर ही लहर नॉइज म्हणून टिपू शकतो.

रोजच्या कामात करायचं ते इतकंच. प्रयोग सुरू करायच्या आधी पंप बंद, लाइन हवेला उघडी, आणि शून्य दाबाचा करंट वहीत लिहा, तारीख आणि खोलीच्या तापमानासकट. गेज ट्रान्समिटर ४.०३ दाखवत असेल तर १० बारवर ते १९ मिलिबार झाले. अचूकतेच्या हद्दीत आहे, चालेल. पुढच्या महिन्यात ४.०६ झालं तर हद्द ओलांडली, कॅलिब्रेशनला पाठवायची वेळ आली. प्रयोग संपल्यावर तेच पुन्हा करा. आणि पेपरच्या पद्धतीच्या विभागात 'प्रेशर ट्रान्समिटर वापरला' एवढ्यावर न थांबता श्रेणी, गेज की अ‍ॅब्सोल्यूट, अचूकता कशाच्या टक्क्यांत, डॅम्पिंग, मोजणीचा रोध आणि एडीसीचे बिट लिहा. सगळं मिळून दोन वाक्यांत बसतं.